पाय घसरून पडल्या

बाई गरोदर असताना किंवा गर्भारपण संपल्यापासून 42 दिवसांच्या आत गेली, तर त्या मृत्यूला ‘मातामृत्यू’ म्हणायचं की नाही हे ठरवणारी जागतिक आरोग्य संघटनेची एक व्याख्या आहे. आपली सरकारी दप्तरंही तिच्यावरच चालतात. मृत्यूचं कारण गर्भारपणात किंवा त्यावरच्या उपचारांत असावं लागतं. अपघाताने किंवा योगायोगाने आलेला मृत्यू त्यात धरत नाहीत. रक्तस्राव, झटके, जंतुसंसर्ग, अडलेलं बाळंतपण हे सगळं आत. सातव्या महिन्यात नवऱ्याने मारून टाकलेली बाई मात्र बाहेर. ती गरोदर होती हा योगायोग.

हा योगायोग 1990च्या दशकात पुण्यात तपासला गेला. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातल्या बेला गणात्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम महाराष्ट्रातली 400हून अधिक खेडी आणि सात रुग्णालयं निवडली. तिथल्या मातामृत्यूंचा त्यांनी माग काढला आणि मेलेल्या बाईच्या माणसांकडून शेवटच्या दिवसांची हकिकत लिहून घेतली. गर्भारपणात झालेल्या एकूण मृत्यूंपैकी 16 टक्के मृत्यू नवऱ्याच्या मारहाणीमुळे झाले होते. नुसत्या रुग्णालयाच्या नोंदी चाळत बसणाऱ्याला हा आकडा सापडला असता असं मला वाटत नाही. तो माणसांना विचारल्यामुळे सापडला.

हे मी ठामपणे म्हणते, कारण ते कागद मी स्वतः भरलेले आहेत. तालुक्याच्या गावी बाळंतपणं करण्यात माझी तीस वर्षं गेली. ‘पाय घसरून पडल्या’ हे वाक्य माझ्या अक्षरात किती केसपेपरांवर असेल, देव जाणे. मोरीत पडल्या, जिन्यावरून पडल्या, म्हशीने ढुशी दिली. एकदा सहावा महिना चालू असलेली एक मुलगी आली. दोन्ही दंडांवर बोटांचे वळ होते. सोबतची सासू म्हणाली, विहिरीवर पाय घसरला. मी ते लिहून घेतलं. बाळाचे ठोके ऐकले, ते ठीक होते, मला हायसं वाटलं आणि मी पुढच्या बाईला आत बोलावलं. त्या मुलीला मी एकच प्रश्न विचारला होता: बाळ हलतंय ना? ती पुन्हा दवाखान्यात दिसली नाही.

या पुस्तकासाठी प्रस्तावना लिहायला संपादकांनी मला सांगितलं, ते या विषयातली जाणकार म्हणून नसावं. न विचारणाऱ्यांची प्रतिनिधी म्हणून असावं, आणि ती निवड मला मान्य आहे.

आपल्याकडे गरोदर बाईचं कौतुक काही कमी नाही. ती दोन जिवांची असते, तिचे डोहाळे पुरवायचे असतात, सातव्या महिन्यात ओटी भरायची, झोपाळा सजवायचा, पहिलं बाळंतपण माहेरी करायचं. या माहेरी पाठवण्यात जुन्या बायकांचा काही व्यवहारी शहाणपणा असावा, असं मला नेहमी वाटत आलं आहे. शेवटचे दोन महिने आणि बाळंतपणानंतरचा सव्वा महिना मुलीला सासरच्या कामातून आणि नवऱ्याच्या खोलीतून रजा मिळते. पण ही रजा साधारण पहिलटकरणीलाच मिळते, आणि तिचंही बिल माहेरच्या नावावर फाडलं जातं. डोहाळजेवणात साडी हलकी आली, बारशाला सोनं आलं नाही, यावरून परत आल्यावर सुरू झालेल्या छळाच्या हकिकती या पुस्तकात भेटतील. झोपाळा आणि लाथ एकाच घरात असू शकतात.

मराठी समाजाला हा प्रश्न पश्चिमेकडून कळला, असंही नाही. सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी 1863 साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. गरोदर राहिलेल्या विधवेपुढे तेव्हा आड, विष किंवा जन्मलेल्या मुलाचा गळा, एवढेच मार्ग उरत. तिला गुपचूप येऊन बाळंत होता यावं, हा त्या घराचा हेतू होता. तिथेच जन्मलेल्या यशवंतला फुल्यांनी दत्तक घेतलं आणि पुढे तो डॉक्टर झाला. या घराची आठवण आपण समाजसुधारणेच्या इतिहासात करतो. मला ते आपल्याकडचं पहिलं हिंसामुक्त प्रसूतिगृह वाटतं. गरोदर बाईला समाज मारतो, आणि तिला वाचवायचं तर आधी दार बंद करता येईल अशी खोली हवी, हे त्यांना नेमकं कळलं होतं. त्यानंतर 20 वर्षांच्या आतच ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. तिला निमित्त झालं ते सुरतेच्या एका विधवेवरच्या बालहत्येच्या खटल्याचं.

आनंदीबाई जोशींची गोष्ट आणखी विचारात पाडते. चौदाव्या वर्षी त्या बाळंत झाल्या आणि ते मूल दहाच दिवस जगलं. 1886 साली अमेरिकेत त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली. प्रबंधासाठी निवडलेला विषय होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. त्याच आनंदीबाईंनी नवऱ्याला, गोपाळरावांना, लिहिलेल्या पत्रात दहाव्या, बाराव्या, चौदाव्या वर्षी सोसलेल्या माराचा आणि धमक्यांचा हिशेब मांडला आहे. एका बाजूला प्रबंध, दुसऱ्या बाजूला पत्र. शास्त्रात बसेल ते प्रबंधात गेलं, जगण्यातलं उरलेलं पत्रात राहिलं. पुढची जवळजवळ 90 वर्षं प्रसूतिशास्त्राची पुस्तकं अशीच लिहिली गेली.

आज या विषयाचा अभ्यास म्हणून जे ओळखलं जातं, त्याची सुरुवात बहुतेक जण 1975पासून धरतात. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रिचर्ड गेलेस कुटुंबातल्या मारामारीबद्दल मुलाखती घेत होते. गर्भारपणाचा प्रश्न त्यांच्या यादीत नव्हता. बायका आपणहून सांगू लागल्या की पोटुशी असताना मारलं. गेलेस यांनी त्यावर एक छोटं टिपण लिहिलं आणि कारणंही सुचवली: शरीरसंबंधाला आलेली आडकाठी, पैशाची ओढ, येऊ घातलेल्या मुलाबद्दलची नाराजी. जवळपास त्याच काळात इव्हान स्टार्क आणि अ‍ॅन फ्लिटक्राफ्ट हे दोघं एका रुग्णालयाच्या अपघात विभागातल्या नोंदी वाचत होते. डॉक्टर जखम शिवतात, बाई पुन्हा येते, पुन्हा शिवतात, आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेला तिच्या कागदावर ‘चिंतातुर स्वभाव’ असा शेरा पडतो, हे त्यांनी दाखवलं. एकाने घराकडे बोट दाखवलं, तर दुसऱ्यांनी दवाखान्याकडे. पुढचे सगळे वाद या दोन बोटांमधले आहेत.

1992 साली ज्युडिथ मॅकफार्लेन या परिचारिका-संशोधिकेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्यूस्टन आणि बाल्टिमोरच्या सरकारी प्रसूतिपूर्व दवाखान्यांत 691 बायकांना, खोलीत दुसरं कुणी नसताना, मारहाणीबद्दल प्रश्न विचारले. दर सहा बायकांमागे एकीने होय म्हटलं. मार खाणाऱ्या बायका तपासणीला उशिरा, कित्येकदा थेट शेवटच्या तिमाहीत येतात, हेही त्यातून पुढे आलं. या अभ्यासाचं महत्त्व माझ्या मते आकड्यात कमी आणि रीतीत जास्त आहे. तीन साधे प्रश्न, दोन मिनिटं, बंद दार. ‘बायका सांगत नाहीत’ ही आम्हा डॉक्टरांची लाडकी सबब तिथे निकालात निघाली.

2005 साली जागतिक आरोग्य संघटनेचा दहा देशांतला, 24,000 बायकांशी बोलून केलेला अभ्यास आला. गर्भारपणात मार खाल्लेल्या बायकांचं प्रमाण जपानमधल्या शहरात 1 टक्का, तर पेरूच्या ग्रामीण प्रांतात 28 टक्के होतं. बहुतेक ठिकाणी ते 4 ते 12 टक्क्यांच्या दरम्यान राहिलं. मार खाल्लेल्यांपैकी पाव ते निम्म्या बायकांना पोटावर लाथा किंवा बुक्के बसले होते. मारणारा बहुतेक वेळा त्या पोटातल्या मुलाचाच बाप होता. 1 आणि 28 यांतलं अंतर पाहिलं की ‘पुरुषाचा स्वभावच तसा’ हे म्हणणं टिकत नाही. स्वभाव देशागणिक अठ्ठावीस पटींनी बदलत नसतो.

भारताचे आकडे वाचताना जरा सावध राहावं लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) कोणत्याही गर्भारपणात शारीरिक मारहाण झाल्याचं 3.1 टक्के बायकांनी सांगितलं. आधीच्या फेरीत हा आकडा 3.9 टक्के होता. नवऱ्याकडून कधी ना कधी हिंसा झाल्याचं सांगणाऱ्या बायका मात्र 29.3 टक्के. घरोघरी चालणाऱ्या, शेकडो प्रश्नांच्या लांबलचक मुलाखतीत एक प्रश्न येतो आणि त्याला हे उत्तर मिळतं. दवाखान्यात किंवा वस्तीत ओळख झाल्यावर, सवडीने विचारलं की उत्तरं वाढतात, असा इथला सर्वसाधारण अनुभव आहे. त्याच सर्वेक्षणानुसार हिंसा सोसलेल्यांपैकी 77 टक्के बायकांनी मदत मागणं तर सोडाच, कुणाला सांगितलंही नव्हतं. त्यामुळे 3.1 हा आकडा मी किमान पातळी म्हणून वाचते.

मार पोटावर बसतो तेव्हा शरीरात काय होतं, ते थोडक्यात सांगते. गर्भाशय लवचीक असतं, वार तशी नसते. धक्क्याने ती भिंतीपासून सुटू शकते. आत रक्त साचतं, बाळाचा प्राणवायू तुटतो आणि बाहेर कधी कधी फक्त पोटदुखी दिसते. पाणमोट अवेळी फुटते, कळा लवकर सुरू होतात. क्वचित गर्भाशयच फाटतं. आईच्या रक्ताचा गट निगेटिव्ह असेल, तर बाळाचं रक्त तिच्या रक्तात मिसळण्याचा त्रास पुढच्या गर्भारपणापर्यंत पोचतो. हा झाला सरळ मार्ग. आडमार्ग जास्त वापरातला आणि जास्त लपलेला आहे. घाबरलेली बाई नाव नोंदवायला उशिरा येते. तिच्या हाती रिक्षाचे पैसे नसतात. लोहाच्या गोळ्या ‘पोर मोठं होईल, सिझर करावं लागेल’ म्हणून सासू फेकून देते. ती सगळ्यांच्या शेवटी जेवते, मिश्रीने भूक मारते. झोप उडते. पाळणा लांबवायची साधनं तिला वापरू दिली जात नाहीत, म्हणून हे गर्भारपण मुळात तिने मागितलेलंही नसतं. बिहार, झारखंड, महाराष्ट्र आणि तमिळनाडूच्या ग्रामीण भागांतल्या एका अभ्यासात गर्भारपणी मार खाणाऱ्या बायकांपर्यंत प्रसूतिपूर्व सेवा कमी पोचतात, हे दिसलं. मार आणि अ‍ॅनिमिया आमच्या केसपेपरवर दोन वेगळ्या गोष्टी असतात. घरात त्या वेगळ्या नसतात.

बाळावरच्या परिणामांचा पुरावा तर भक्कम आहे. निकाराग्वातल्या लिऑन शहरात एलिएट व्हालादारेस आणि सहकाऱ्यांनी कमी वजनाच्या बाळांच्या आयांची तुलना इतर आयांशी केली, तेव्हा मारहाणीचं प्रमाण पहिल्या गटात कितीतरी जास्त निघालं. उत्तर प्रदेशातल्या आकडेवारीवरून सैफुद्दीन अहमद, मायकेल कोएनिग आणि रॉब स्टीफन्सन यांनी 2006मध्ये दाखवलं की मार खाल्लेल्या आयांच्या बाळांना जन्माच्या आगेमागे मृत्यूचा धोका सुमारे अडीच पट असतो. त्याआधी शिरीन जेजीभॉय यांनी उत्तर प्रदेश आणि तमिळनाडूतल्या सर्वेक्षणातून हाच संबंध नोंदवला होता.

इथे मला या अभ्यासशाखेशी थोडं भांडायचं आहे. गेल्या 30 वर्षांतलं बरंच संशोधन बाळाचं वजन मोजत आलं आहे. ते समजण्यासारखं आहे. निधी त्याला मिळतो, मंत्रालयाचे कान त्याने टवकारतात, आणि वजन ग्रॅममध्ये मोजता येतं. पण यातून बाईसाठी बाळाचा वशिला लावायची सवय लागली. ‘तिला मारू नका, पोटात बाळ आहे’ हे वाक्य मी स्वतः कितीदा बोलले आहे. त्याचा अर्थ घरातल्यांना बरोब्बर कळतो: बाळ झाल्यावर मारायला हरकत नाही. मुलगी झाली तर मुळीच नाही. विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्स आणि नंदिता डिसूझा यांनी गोव्यातल्या रुग्णालयात केलेल्या, 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के आया नैराश्यात होत्या. त्यामागच्या कारणांत गरिबी होती, नवऱ्याची मारहाण होती, आणि मुलीचा जन्म या सगळ्याचा काच वाढवत होता. बाळाचं वजन 3 किलो भरलं तरी आई आतून संपत असू शकते, आणि वजनकाट्याला ते कळत नाही.

मृत्यूंचा अभ्यास करणारी एक वेगळी परंपरा आहे. ब्रिटनमध्ये 1952पासून प्रत्येक मातामृत्यूची गोपनीय चौकशी होते. 1997-99च्या अहवालाने कौटुंबिक हिंसेला स्वतंत्र प्रकरण दिलं. मृत बायकांपैकी 12 टक्क्यांनी जिवंतपणी कुणाला तरी, आपणहून, घरातल्या हिंसेबद्दल सांगितलेलं होतं. म्हणजे त्यांनी तोंड उघडलं होतं. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात इसाबेल होरॉन आणि डायना चेंग यांनी 1993 ते 1998मधले गरोदर आणि वर्षभरात बाळंत झालेल्या बायकांचे सगळे मृत्यू, व्याख्येची चाळण न लावता, एकत्र केले. सर्वांत मोठं कारण रक्तस्राव नव्हतं. खून होतं. बांगलादेशातल्या मतलब भागात व्हिन्सेंट फोव्हो आणि तेरेझ ब्लांशे यांनी लग्नाआधी दिवस गेलेल्या कोवळ्या मुलींच्या आत्महत्या आणि खून नोंदवले. 1863च्या पुण्यातल्या विधवांचं ते पुढचं पान. 2012 साली जागतिक आरोग्य संघटनेने मातामृत्यूंच्या वर्गीकरणाची नवी पद्धत आणली आणि गर्भारपणातली व बाळंतपणानंतरची आत्महत्या थेट मातामृत्यूंत घेतली. खून अजून दाराबाहेर आहे.

ही व्याख्येची कुरकुर आज महत्त्वाची का, तर आकडे खाली येत आहेत म्हणून. 2018-20च्या नमुना नोंदणीनुसार दर लाख जिवंत जन्मांमागे भारतात 97, तर महाराष्ट्रात 33 मातामृत्यू होते. मी काम सुरू केलं तेव्हा हे स्वप्नातही नव्हतं. यामागे रक्तपेढ्या, 108 क्रमांकाच्या गाड्या आणि आशाताईंची पायपीट आहे. पण औषधाने थांबणारे मृत्यू जसे कमी होतात, तसे न थांबणाऱ्यांचे चेहरे स्पष्ट होत जातात. त्या नोंदणीत केरळचा आकडा देशात सर्वांत कमी होता, आणि तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने चालवलेल्या गोपनीय चौकशीत आत्महत्या हे दुर्लक्ष करता येणार नाही असं कारण ठरलं. महाराष्ट्र त्याच वाटेवर आहे.

हिंसा करणारा कोण, यावरही मतं फाटतात. पाश्चात्त्य संशोधन जोडीदारावर थांबतं. आपल्याकडे ते चालत नाही. मुंबईतल्या गरीब वस्त्यांत अनिता राज आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात सासरच्या मंडळींचा छळ स्वतंत्रपणे दिसला: पोटभर खाऊ न देणं, शेवटच्या महिन्यातही जड कामाला जुंपणं, दवाखान्यात जाऊ न देणं. यात हात उगारलेला नसतो. कायद्याच्या भाषेत पुरावा नसतो. सासूही कधीकाळी अशीच उपाशी राहिलेली असते. तिला खलनायिका केलं की गोष्ट सोपी होते आणि खोटीही.

घराबाहेर पाहणारे अभ्यासक आणखी पुढे जातात. 2007 साली व्हेनेझुएलाने प्रसूतीच्या वेळी दवाखान्यात होणाऱ्या हिंसेला कायद्यात नाव दिलं. लेबर रूममध्ये मांडीवर मारलेली चापट, ‘तेव्हा मजा केलीस, आता ओरडतेस कशाला’ हे वाक्य, न विचारता घातलेला टाका. यातलं काही मी पाहिलं आहे, आणि तरुणपणी रात्रीच्या चौदाव्या बाळंतपणाला माझाही आवाज चढला आहे. भारत सरकारच्या 2017च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमाने सन्मानपूर्वक प्रसूती हा शब्द आणला. शब्द आल्याने आवाज लगेच खाली येत नाही, पण निदान चढल्याचं लक्षात येतं.

आणि मग ऊसतोड. बीडहून निघालेला ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एक दिवस चुकला की खाडा, म्हणून आठव्या-नवव्या महिन्यातही मोळी डोक्यावर. 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे बीड जिल्ह्याच्या पाहणीचे आकडे आले: 82,000हून अधिक ऊसतोड बायकांपैकी 13,000हून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. हे या पुस्तकाच्या विषयात बसतं का, यावर संपादकांचं आणि माझं एकमत झालं नाही. माझ्या मते बसतं. पिशवीतलं मूल असो वा नुसती पिशवी, तिच्यावरचा हक्क दुसऱ्याचा आहे असं समजण्यातूनच सगळं सुरू होतं. गर्भलिंगनिदानाचंही तेच. त्याविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 साली केला, तो मुंबईतल्या कार्यकर्त्यांच्या रेट्यामुळे. दोन-तीनदा सक्तीने गर्भपात केलेल्या बाईची पुढची गर्भारपणं किती जोखमीची होतात, हे मात्र त्या चळवळीच्या इतिहासात तळटीपेसारखं राहिलं. पोटातल्या मुलीचा प्रश्न पुढे आला आणि जिचं पोट ती मागे राहिली.

कायदे तसे पुरेसे आहेत. बाईच्या संमतीशिवाय गर्भपात घडवून आणणाऱ्याला जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम 313 होतं, आता भारतीय न्याय संहितेचं 89 आहे. 2005चा कौटुंबिक हिंसाचार कायदा शारीरिक, लैंगिक, मानसिक आणि आर्थिक अशी चारही अंगं मोजतो आणि मागणी झाल्यास वैद्यकीय मदत देण्याचं बंधन दवाखान्यावर घालतो. गर्भपाताच्या कायद्यात सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही. 29 सप्टेंबर 2022च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, गर्भपाताच्या कायद्यापुरता का होईना, लग्नातला बलात्कार हा बलात्कारच मानला. आणि तरीही आजही नवऱ्याची सही मागणारे दवाखाने मला ठाऊक आहेत. मागणाऱ्यांना कायदा माहीत नसतो असं नाही. कटकट नको असते.

ही ‘कटकट’ दवाखान्याचं काम आहे, हे आपल्याकडे प्रथम करून दाखवलं ते ‘दिलासा’ने. या शतकाच्या सुरुवातीला ‘सेहत’ ही संस्था आणि मुंबई महानगरपालिका यांनी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात हे केंद्र उघडलं. एनजीओची पाटी लावून कोपऱ्यात बसलेली मदत नव्हती ती. रुग्णालयाचा एक विभाग होता, पालिकेच्याच परिचारिका आणि डॉक्टरांना शिकवून चालवलेला. पुढे मुंबईतल्या इतर रुग्णालयांत तो पसरला आणि प्रसूतिपूर्व तपासणीतही हिंसेची विचारणा आणली गेली. धारावीसारख्या वस्त्यांत ‘स्नेहा’ या संस्थेने याच प्रश्नावर बायकांचे गट उभे केले. जागतिक आरोग्य संघटना 2013 आणि 2016च्या मार्गदर्शनात जे सांगते, त्याची इथे आधीच चाचणी झालेली होती: सरसकट सगळ्यांना यंत्रासारखं विचारू नका, पण गरोदर बाईला जरूर विचारा, आणि एकांत व पुढच्या मदतीची सोय असेल तरच विचारा. सोय नसताना विचारणं म्हणजे जखम उघडी करून पाठ फिरवणं.

हे पुस्तक या सगळ्याचा कोश नाही. यात डॉक्टर आहेत, समुपदेशक आहेत, एक निवृत्त दाई आहे, दोन वकील आहेत आणि स्वतः हे सोसलेल्या बायका आहेत. त्यांचं आपसात पटत नाही आणि संपादकांनी ते पटवून घ्यायचा प्रयत्न केलेला नाही, हे मला आवडलं. पोलिसात कळवावं की बाईच्या मर्जीवर सोडावं, नवऱ्याला समुपदेशनाला बोलवावं की नाही, ‘समझोता’ या शब्दाचं काय करावं, यावर एका लेखातलं म्हणणं दुसऱ्यात खोडलेलं सापडेल. काही उणिवाही आहेत. आदिवासी भागातलं फार थोडं आहे, आणि मारणाऱ्या पुरुषाशी कुणीच नीट बोललेलं नाही. हकिकतींतली नावं, गावं बदललेली आहेत. सोसणाऱ्या बायकांचं निवेदन त्यांच्या बोलीतच ठेवलं आहे. ‘मारलं’ऐवजी त्या ‘हात टाकला’ म्हणतात, तर वाचकाने तेच वाचावं.

विचारायचं कसं, हा प्रश्न मला तरुण डॉक्टर नेहमी करतात. ओपीडीत टेबलाला टेबल लागलेलं, पडदा फाटका, आणि सासू खुर्चीला चिकटलेली. त्यांना मी एका प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंची युक्ती सांगते. बाई वजनाला उभी राहिली की नर्सबाई कार्डावर डोळे बारीक करून पाहतात आणि सासूबाईंना म्हणतात, यावर शिक्का नाही, खिडकीवर जाऊन नवा केसपेपर काढून आणा. खिडकी आवाराच्या दुसऱ्या टोकाला आहे. मंगळवारी रांग लांब असते, तेव्हा दहा मिनिटं मिळतात.